तैवान: हक्कसोडपत्र झाले, पण कोणाच्या नावे?

प्रश्न असा आला आहे: "आमची चाकणची कंपनी ताइचुंगच्या एका पुरवठादाराकडून सीएनसी यंत्रे घेते आहे. करारात देशाच्या रकान्यात काय लिहायचे यावरून आमच्याकडे वाद झाला. एक जण म्हणतो तैवान, दुसरा म्हणतो चीन, तिसऱ्याने ऑलिंपिकची आठवण काढून 'चिनी तैपेई' सुचवले. मुळात तैवान देश आहे की नाही? नसेल तर तिथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक कसली होते?"

मी पुण्यात गेली बावीस वर्षे व्यापारी करार लिहिते आणि त्यातले बरेचसे तैवानी कंपन्यांशी झालेले आहेत. रकान्याचे उत्तर सोपे आहे, ते शेवटी देते. दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि तो 'हो की नाही' असा विचारला की उत्तर चुकतेच.

जमिनीच्या भानगडी जवळून पाहिलेल्या माणसाला तैवान लवकर कळतो. वहिवाट एकाची, दावा दुसऱ्याचा, मूळ मालकाने हक्क सोडून दिलेला, पण कोणाच्या नावे सोडला ते कागदावर नाही. शेजारीपाजारी वहिवाटदाराशी रोजचा व्यवहार करतात, पण पंचनाम्यावर सही करायची वेळ आली की चुळबुळतात. फरक एवढाच, की इथे तलाठी नाही आणि फेरफार मंजूर करणारा मंडल अधिकारीही नाही.

वहिवाटीबद्दल कोणाचाच वाद नाही, म्हणून ती आधी आटपते. साधारण छत्तीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे केरळपेक्षा किंचित लहान बेट. वस्ती सुमारे २ कोटी ३४ लाख. स्वतःचे सैन्य, चलन, न्यायालये, करवसुली, पासपोर्ट. १९९६ पासून राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडला जातो आणि सत्ता तीनदा एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली आहे. बीजिंगमधल्या साम्यवादी सरकारने या बेटावर एक दिवससुद्धा राज्य केलेले नाही. 'तैवान चीनपासून फुटला' असे आपल्या वर्तमानपत्रांत सर्रास छापून येते. ते वाक्य निदान अर्धे चुकीचे आहे. १९४९ मध्ये माओने जे राज्य उभे केले, त्यात तैवान कधी नव्हताच, मग फुटणार कुठून?

आता कागद पाहू. १८९५ मध्ये युद्ध हरल्यावर चीनच्या चिंग साम्राज्याने शिमोनोसेकीच्या तहाने तैवान आणि पेंगहू बेटे जपानला कायमची दिली. पुढची पन्नास वर्षे ते जपानी होते. नेताजींच्या विमान अपघाताच्या संदर्भात आपण जे 'ताइहोकू' वाचतो, ते आजचे तैपेई. जपानी राजवटीतले त्याचे हे नाव. १९४३ च्या कैरो जाहीरनाम्यात रूझवेल्ट, चर्चिल आणि चीनचे तेव्हाचे सत्ताधीश चँग कै-शेक यांनी म्हटले, की ही बेटे 'चीनच्या प्रजासत्ताकाला' परत मिळतील. १९४५ च्या पॉट्सडॅम घोषणेने त्याला दुजोरा दिला, जपानने शरणागतीत ती घोषणा मान्य केली आणि २५ ऑक्टोबर १९४५ रोजी चँगच्या अधिकाऱ्यांनी तैपेईत ताबा घेतला. बीजिंगची सगळी मांडणी इथे उभी आहे: बेट चीनला परत मिळाले, आणि १९४९ मध्ये चीनचे सरकार बदलले, नवे सरकार जुन्याचे वारस, म्हणून बेट आमचे.

मांडणी कमकुवत नाही. पण वकिलाचे लक्ष पुढच्या कागदाकडे जाते. सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता करार, ८ सप्टेंबर १९५१. त्यात जपानने फॉर्मोसा म्हणजे तैवान आणि पेंगहू यांच्यावरील सर्व हक्क, मालकी आणि दावा सोडून दिला. कोणाच्या नावे? लिहिलेलेच नाही. आपल्याकडचा साधा नोंदणी कारकूनसुद्धा असे हक्कसोडपत्र पुढे सरकवणार नाही. पण ती नजरचूक नव्हती. दोन चीन होते, एक बीजिंगमध्ये माओचा, दुसरा तैपेईला निघून आलेल्या चँगचा, आणि कोणत्या चीनला बोलवायचे यावर एकमत होईना, म्हणून परिषदेला एकालाही बोलावले नव्हते. शिवाय मधल्या काळात कोरियाचे युद्ध पेटले होते. जानेवारी १९५० मध्ये ट्रूमन म्हणत होते की तैवान चीनला परत गेलेला आहे, अमेरिका मध्ये पडणार नाही. जूनमध्ये उत्तर कोरियाचे सैन्य दक्षिणेत घुसले आणि दोन दिवसांत तेच ट्रूमन म्हणू लागले, की बेटाचे भवितव्य अजून ठरायचे आहे. सहा महिन्यांत मालकी पक्कीची कच्ची झाली, आणि ती कच्ची राहण्याची सोय मग करारातच करून ठेवली गेली.

भारत त्या परिषदेला गेला नाही. नकाराच्या कारणांत एक कारण हेच होते, की फॉर्मोसा चीनला परत द्यायला हवा होता आणि करार तसे म्हणत नाही. पुढे जून १९५२ मध्ये आपण जपानशी वेगळा तह केला. आज तैवानच्या बाजूने हिरिरीने बोलणाऱ्या आपल्या मंडळींना नेहरूकाळातली ही भूमिका सहसा ठाऊक नसते.

'तैवानचा दर्जा अनिर्णित आहे' असे जे म्हटले जाते त्याचे मूळ या कोऱ्या जागेत आहे. गंमत अशी, की हा युक्तिवाद खुद्द चँग कै-शेकला अजिबात नको होता. दर्जा अनिर्णित म्हटला, तर त्याचा स्वतःचा ताबा तरी कशाच्या आधारावर?

यापुढचा कागद संयुक्त राष्ट्रांचा, आणि सर्वांत जास्त चुकीचा वाचला जाणारा. २५ ऑक्टोबर १९७१, ठराव क्रमांक २७५८. बाजूने ७६, विरोधात ३५, तटस्थ १७. ठराव जेमतेम एका परिच्छेदाचा आहे, मिळवून वाचा. संयुक्त राष्ट्रांत चीनचे एकमेव कायदेशीर प्रतिनिधी हे बीजिंगच्या सरकारचे प्रतिनिधी, आणि चँग कै-शेकच्या प्रतिनिधींना त्यांनी बेकायदा अडवलेल्या जागेवरून ताबडतोब काढावे, एवढेच त्यात आहे. 'तैवान' हा शब्द त्यात कुठेही नाही. बेट कोणाचे, हे तो ठरवत नाही. चीनच्या खुर्चीत कोण बसणार, एवढेच ठरवतो. बीजिंग म्हणते की दोन्ही एकच. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची वागणूकही बऱ्याच अंशी तशीच झाली आहे. पण ठरावाचे शब्द तेवढे ताणले जात नाहीत, असे माझे मत आहे. (सनदेच्या तेविसाव्या कलमात सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्यांची यादी आहे, तिथे आजही 'चीनचे प्रजासत्ताक' असेच छापलेले आहे. नाव बदलायला कोणी गेलेच नाही.)

त्या वेळी दोघांनाही जागा द्यावी असा अमेरिकेचा खटाटोप चालला होता. चँगला तो रुचत नव्हता. लुटारूंच्या पंगतीला आपण बसणार नाही, असा त्याचा वर्षानुवर्षांचा बाणा. अख्ख्या चीनचा मालक मीच, हा हट्ट त्याने सोडला असता, तर आज तैवान संयुक्त राष्ट्रांत असता का? ठामपणे कोणी सांगू शकत नाही, पण तैपेईत हा प्रश्न विचारला की लोक क्षणभर गप्प होतात, एवढे मी पाहिले आहे.

आता तुमच्या सहकाऱ्यांना बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट. मला विचाराल तर साऱ्या गुंत्याची गाठ हीच आहे. तैवानच्या सरकारचे अधिकृत नाव 'तैवान' नाहीच. ते आहे 'चीनचे प्रजासत्ताक', १९१२ मध्ये मुख्य भूमीवर जन्मलेले. त्याची राज्यघटना १९४७ च्या डिसेंबरात लागू झाली ती संपूर्ण चीनसाठी. १९४९ मध्ये चँगचे सरकार, सोने, संग्रहालयातल्या पेट्या आणि दहा-बारा लाख माणसे घेऊन बेटावर आले तेव्हा ही घटनाही सोबत आली. मुख्य भूमीवरच्या प्रांतांतून १९४७-४८ मध्ये निवडून आलेले लोकप्रतिनिधी तैपेईत बसून राहिले. त्यांच्या मतदारसंघांत निवडणूक घेणे शक्य नाही, म्हणून त्यांची मुदत संपेचना. म्हातारे झाले, चाकाच्या खुर्चीतून सभागृहात यायला लागले, तरी ते आपल्या हुनानचे नाहीतर शांघायचे प्रतिनिधी. १९९१ च्या अखेरीस ते घरी गेले, तेही घटनापीठाने दीड वर्ष आधी तसा निकाल दिला म्हणून.

आणि बेटावरच्या लोकांचे काय? त्यांना कोणी विचारलेच नव्हते. ना १८९५ मध्ये, ना १९४५ मध्ये. २८ फेब्रुवारी १९४७ च्या उठावात चँगच्या सैन्याने हजारो माणसे मारली. मे १९४९ मध्ये लागलेला लष्करी कायदा जुलै १९८७ मध्ये उठला, अडतीस वर्षे. शाळेत घरची होक्लो बोली बोलले तर शिक्षा व्हायची. त्यामुळे १९९० नंतर मोकळेपणाने बोलता आले, तेव्हा लोकांनी आपण कोण हे नव्याने ठरवायला घेतले. तैपेईच्या चेंगची विद्यापीठाचे निवडणूक अभ्यास केंद्र १९९२ पासून दरवर्षी हा प्रश्न विचारते. तेव्हा स्वतःला फक्त चिनी म्हणवणारे साधारण चौथा हिस्सा होते आणि फक्त तैवानी म्हणवणारे त्याहून कमी. आता साठ टक्क्यांच्या वर लोक फक्त तैवानी म्हणवतात. फक्त चिनी म्हणवणारे दोन-तीन टक्के उरले आहेत. पण त्याच केंद्राच्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे पुढे काय व्हावे याला, बहुसंख्य लोक 'आहे तसेच राहू द्या' असे उत्तर देतात. हे दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय तैवान समजत नाही.

मग स्वातंत्र्य जाहीर का करत नाहीत, असे लोक मला विचारतात. बंदुकीचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे: मार्च २००५ मध्ये बीजिंगने फुटीरताविरोधी कायदा करून 'अशांततामय मार्ग' वापरण्याचा हक्क स्वतःकडे लेखी ठेवला, आणि १९९५-९६ मध्ये क्षेपणास्त्रे बेटाजवळच्या समुद्रात टाकून दाखवलीही होती. कायद्याचे उत्तर कमी लोकांना ठाऊक असते. नाव किंवा प्रदेश बदलायचा तर घटना बदलावी लागेल. त्यासाठी विधिमंडळात तीन चतुर्थांशांचे मताधिक्य, आणि नंतर सार्वमतात एकूण पात्र मतदारांच्या निम्म्याहून जास्त होकार. मतदान केलेल्यांच्या नव्हे, एकूण. २०२२ च्या नोव्हेंबरात मतदानाचे वय विसावरून अठरावर आणण्याची दुरुस्ती अशीच सार्वमताला गेली. विधिमंडळात तिला कोणी विरोध केला नव्हता, नकारापेक्षा होकारही जास्त पडले, तरी उंबरठा ओलांडता आला नाही. वय बदलता येईना, तिथे देशाचे नाव काय बदलणार! आजच्या विधिमंडळात तर कोणत्याच पक्षाला साधे बहुमत नाही.

म्हणून तिथल्या दोन मोठ्या पक्षांनी आपापल्या पळवाटा काढल्या आहेत. लोकशाही प्रगतिशील पक्ष १९९९ पासून म्हणतो, की आम्ही आधीच सार्वभौम आहोत, सध्याच्या घटनेनुसार नाव चीनचे प्रजासत्ताक आहे, तेव्हा वेगळे काही जाहीर करायची गरजच नाही. २०२४ मध्ये चाळीस टक्के मतांवर निवडून आलेले त्या पक्षाचे राष्ट्राध्यक्ष लाई चिंग-ते यांचीही भाषा तीच. कुओमिंतांग, म्हणजे चँगचा जुना पक्ष, १९९२ मध्ये हाँगकाँगला बीजिंगशी झालेल्या बोलण्यांचा हवाला देतो: चीन एकच, पण त्याचा अर्थ दोघांनी आपापला लावायचा. 'ब्याण्णवची सहमती' हे त्याचे नाव २००० साली सू ची या कुओमिंतांगच्याच मंत्र्याने घडवले, आणि तसे त्यांनी पुढे कबूलही केले. तरीही २००८ पासून त्या शब्दांवर आठ वर्षे दोन्ही किनाऱ्यांत विमाने उडाली, करार झाले, आणि २०१५ मध्ये चीनचे शी चिन्पिंग आणि तैवानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मा यिंग-चिओ सिंगापुरात भेटले. तिथे दोघांनी एकमेकांना 'श्रीयुत' म्हणायचे ठरले होते. 'राष्ट्राध्यक्ष' म्हटले असते तर मान्यता दिल्यासारखे झाले असते!

मान्यतेचेही असेच आहे. सारा खेळ क्रियापदांचा. 'एक चीन तत्त्व' बीजिंगचे आहे: चीन एक, तैवान त्याचा भाग, सरकार आमचे. बाकी देशांची असतात 'एक चीन धोरणे', आणि प्रत्येकाने शब्द मोजून वापरले आहेत. कॅनडाने १९७० मध्ये बीजिंगच्या दाव्याची 'नोंद घेतली'. जपानने १९७२ मध्ये तो 'पूर्णपणे समजून घेतला आणि त्याचा आदर केला'. अमेरिकेने ती भूमिका आपल्याला ठाऊक असल्याचे म्हटले, मान्य असल्याचे नव्हे. १९७९ च्या निवेदनाच्या चिनी मजकुरात मात्र 'मान्य' असा अर्थ निघणारा शब्द आला आहे, त्यामुळे दोघेही आपापला कागद नाचवतात. वर अमेरिकेने त्याच वर्षी तैवान संबंध कायदा करून शस्त्रे पुरवायची सोय ठेवली. लढायला स्वतः येणार का, ते मात्र सांगितले नाही. झाकली मूठ.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वर्गात १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराच्या चार कसोट्या शिकवतात: कायम वस्ती, निश्चित प्रदेश, सरकार, आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. तैवान त्या सहज पार करतो, आणि विद्यार्थी लगेच निकाल देऊन मोकळे होतात. पण जेम्स क्रॉफर्ड या मोठ्या कायदेपंडिताचा मुद्दा मला जास्त पटतो: आपण चीनपासून वेगळे राज्य आहोत असा निःसंदिग्ध दावा जो करत नाही, त्याला जगाने बळेच राज्य म्हणायचे कसे? अर्थात तो दावा डोक्याला बंदूक लावलेली असल्यामुळे केला जात नाही, हे त्यात नीट बसत नाही. इथे माझीही मती कुंठित होते.

औपचारिक मान्यता देणारे, जानेवारी २०२४ मध्ये नाउरूने साथ सोडल्यावर, बारा उरले: पॅराग्वे, ग्वाटेमाला, इस्वातिनी, काही छोटी बेटे आणि व्हॅटिकन. बाकी सगळे जग 'कार्यालये' उघडून दूतावासाची कामे करते.

भारताचेही तसेच. आपण ३० डिसेंबर १९४९ रोजीच माओच्या सरकारला मान्यता दिली. १९९५ मध्ये तैपेईत इंडिया-तैपेई असोसिएशन आणि दिल्लीत तैपेई आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र सुरू झाले. चेन्नईचे केंद्र २०१२ मध्ये, मुंबईचे ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि त्यावर बीजिंगने रीतसर निषेधही नोंदवला. पूर्वी आपल्या संयुक्त निवेदनांत 'एक चीन'चे वाक्य असायचे. डिसेंबर २०१० पासून ते गायब झाले. काश्मीरच्या रहिवाशांना चीन वेगळ्या कागदावर व्हिसा टाचून देत होता, हे त्यामागचे एक कारण. तरी २०१८ मध्ये बीजिंगच्या दबावाने एअर इंडियाने संकेतस्थळावर 'चिनी तैपेई' केलेच. आपलेही तळ्यात-मळ्यात चालू असते.

हा सारा गुंता माझ्या टेबलावर कसा उतरतो ते पाहा. १९६१ च्या आयकर कायद्यात दुहेरी कर टाळण्याचे करार कलम ९० खाली व्हायचे, सरकारा-सरकारांत. तैवानशी २०११ मध्ये झालेला करार मात्र कलम ९०क खाली झाला, कारण तो दोन 'संस्थां'मध्ये झाला! कर तेवढाच वाचतो. लवादाचे मात्र तसे नाही. परदेशी लवादाचे निवाडे मानण्याबद्दलच्या न्यूयॉर्क कराराचा तैवान पक्ष नाही, आणि आपला लवाद कायदा केंद्राने अधिसूचित केलेल्या प्रदेशांतल्याच निवाड्यांना परदेशी निवाडा मानतो. चीन, हाँगकाँग त्या यादीत आहेत, तैवान नाही. तैपेईत जिंकलेला निवाडा हातात घेऊन पुण्यात वसुलीला निघालात, तर दारातच अडाल.

तेव्हा तुमच्या मसुद्यासाठी. पत्त्याच्या रकान्यात 'ताइचुंग, तैवान' लिहा. कंपनीच्या वर्णनात 'तैवानच्या कायद्यानुसार नोंदलेली' एवढे पुरे. देश, प्रांत, प्रदेश यांपैकी कोणताही शब्द घालू नका, त्यांनाही तो नको असतो. 'चीन' तर मुळीच नको. सीमाशुल्कात मूळ देश चुकला की शुल्कही चुकते, आणि चीनवर लागू असलेले निर्बंध विनाकारण गळ्यात पडतात. 'चिनी तैपेई' हे क्रीडासंघाचे नाव आहे, १९८१ मध्ये ऑलिंपिक समितीशी झालेल्या तडजोडीतले. जागतिक व्यापार संघटनेत तर नाव याहून वेगळे, 'तैवान, पेंगहू, किनमेन आणि मात्सू यांचे स्वतंत्र सीमाशुल्क क्षेत्र'. तुम्हाला दोन्हींचा उपयोग नाही. लवादाचे स्थान सिंगापूर ठेवा. तिथला निवाडा आपल्याकडे चालतो, आणि तैवानच्या स्वतःच्या लवाद कायद्यातही परदेशी निवाडा मान्य करण्याची सोय आहे. त्यांच्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का, मागू नका, तो त्यांना मिळत नाही. तुमचे कागद तिकडे पाठवायचे असतील तर मुंबईच्या केंद्रातून साक्षांकित करून घ्या.

एक शेवटचे. त्यांचे नोंदणी प्रमाणपत्र येईल त्यावर 'चीनचे प्रजासत्ताक' असा शिक्का असेल. माझ्या एका अशिलाच्या बँकेने असा कागद 'ही तर चिनी कंपनी आहे, आणि तारीखही खोटी आहे' म्हणून परत पाठवला होता. दोन आठवडे त्यात गेले. शिक्का बरोबरच असतो. तारखेत वर्ष ११४ असे काही दिसेल, ते १९१२ हे पहिले वर्ष धरून मोजलेले असते. त्यात १९११ मिळवा, ११४ चे २०२५ येईल.